भीड भिकेची बहीण

बुलढाणा जिल्ह्यातले पोर पदवीधर झाले, की हाती येणाऱ्या कागदावर संत गाडगे बाबांचे नाव असते. पोर चिखलीचे असो, मलकापूरचे असो की देऊळगाव राजाचे. 1 मे 1983 रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला 2005मध्ये बाबांचे नाव देण्यात आले. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ या पाच जिल्ह्यांतल्या घराघरांत तो कागद प्लॅस्टिकच्या आवरणात घालून, पत्र्याच्या पेटीत सातबाराच्या शेजारी जपून ठेवलेला असतो. ज्यांच्या नावाचा तो कागद, त्यांनी स्वतः शाळेचे तोंड कधी पाहिले नव्हते.

गाडगे बाबा म्हटले की आपल्याला झाडू दिसतो. चौकातल्या पुतळ्यांनी, शाळेतल्या वेशभूषा स्पर्धांनी आणि ग्रामस्वच्छता अभियानाच्या फलकांनी तो झाडू आपल्या डोळ्यांत पक्का बसवला आहे. झाडू खराच होता. पण या माणसाने आयुष्यभर आणखी एक वस्तू झाडूइतक्याच निगुतीने हाताळली आणि ती म्हणजे कागद. खरेदीखत, विश्वस्तपत्र, हिशेबाची वही, पावती. निरक्षर माणसाला कागदाची एवढी ओढ का असावी? त्याचे उत्तर पूर्णेच्या खोऱ्यातल्या एका शेतात सापडते, आणि बाबांच्या जिभेला जी धार होती तिचेही उत्तर मला तिथेच सापडते.

वऱ्हाडात कागद कापसामागून आला. 1853मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढच्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि खामगावच्या बाजारात गाड्यांची रीघ लागली. 1870मध्ये जलंब ते खामगाव हा आठ मैलांचा फाटा सुरू झाला, तेव्हा त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एका तालुक्याच्या गावी व्हाइसरॉय, तो कापसापायी! जमिनीची मोजणी झाली, काळ्या मातीला भाव आला. ज्या वस्तूला भाव येतो ती गहाण पडते, हे मग ओघाने आलेच. अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस उतरला, पण कर्जाच्या चोपड्या तशाच राहिल्या. कुणब्याचा अंगठा हे वऱ्हाडातले सगळ्यात स्वस्त पीक होऊन बसले.

त्या काळात, 23 फेब्रुवारी 1876 रोजी, अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात झिंगराजी आणि सखुबाई जानोरकर या परीट जोडप्याला मुलगा झाला. नाव डेबू. झिंगराजीला दारूने खाल्ले. मुलगा आठ वर्षांचा असताना बाप गेला आणि सखुबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. डेबू मामाची गुरे राखू लागला, मोठा झाला तसा नांगर धरू लागला. अंगाने धट्टाकट्टा, कामाला वाघ. पूर्णेला पूर आला तर पोहून पार होणारा.

मामा चंद्रभान कष्टाळू होता, आणि भिडस्त. त्याची हकीकत प्रबोधनकार ठाकऱ्यांनी 1952मध्ये लिहिलेल्या चरित्रात आहे. सावकाराशी मामाचा सगळा व्यवहार तोंडी. पिकेल ते घालत जायचे, आणि आपले फिटत आले असे समजायचे. पावती मागायची नाही. एवढा मोठा माणूस, त्याच्याकडे पावती मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे! शेवटी सावकाराने चोपडी उघडली, तर देणे फिटलेलेच नव्हते. शेत गेले. मामाने हाय खाल्ली आणि तोही गेला.

सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली, तेव्हा डेबूजी आडवा उभा राहिला. अर्ज-विनंती नाही, पाया पडणे नाही. ज्या सावकारापुढे गावातली पंच मंडळी मान वर करत नसत, त्याला त्याने बांधावरून परत पाठवले. प्रकरण शेवटी तडजोडीवर आले आणि सावकार नमला.

आपल्या भाषेत एक म्हण आहे: भीड भिकेची बहीण. डेबूजीने ती ऐकली असेल-नसेल, पण तिचा अर्थ मामाच्या मरणात पाहिला. मामाला कर्जाने मारले असे सगळे म्हणाले असतील. त्याला खरे तर भिडेने मारले. मोठ्या माणसापुढे तोंड न उघडण्याच्या त्या सवयीवर पुढे बाबांनी पन्नास वर्षे काठी चालवली.

जातीपुढची भीडही त्याने लौकरच मोडली. 1892मध्ये कुंताबाईशी लग्न झाले होते. पहिल्या मुलीचे, आलोकाचे बारसे आले. रिवाज असा, की भाऊबंदांना दारू आणि मटणाचे जेवण द्यायचे, त्यासाठी कर्ज काढावे लागले तरी काढायचे. डेबूजीने गोडाचे जेवण घातले. जातगंगेचा संताप झाला असणारच. दारूने बाप खाल्लेल्या घरात पुन्हा दारूचीच पंगत बसवायची, हा त्याला न पटणारा हिशेब होता.

1 फेब्रुवारी 1905 च्या पहाटे डेबूजी घर सोडून निघाला. अंगावर फाटके, हातात काठी आणि फुटके गाडगे. मागे म्हातारी आई, लहान मुली, आणि दिवस गेलेली बायको. संतचरित्रांत हा प्रसंग ‘महाभिनिष्क्रमण’ वगैरे मोठ्या शब्दांत येतो. मला तिथे नेहमी थोडे अडखळायला होते. ज्यांनी घर सोडले त्यांचे गुण गाताना, ज्यांच्या अंगावर ते घर पडले त्यांची नोंद दोन ओळींत होते. कुंताबाईंनी पुढची पन्नास वर्षे कशी काढली यावर स्वतंत्र पुस्तक असायला हवे होते. नवरा लाखो रुपयांच्या इमारती बांधत होता, आणि त्या झोपडीत राहत होत्या. तो नवऱ्याचाच दंडक होता. लोकांच्या पैशाचा घास घरच्यांच्या तोंडी जाता कामा नये. न्याय म्हणून तो चोख होता. नवरा म्हणून काय होता, ते कुंताबाईंना कुणी विचारले नाही.

पुढची काही वर्षे भटकंतीची. डोक्यावर खापर, अंगावर वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. गावोगाव नावे पडत गेली: चिंधेबुवा, लोटके महाराज, खापरेबुवा. त्यांचा शिरस्ता असा, की गावात शिरताच कुणाची वाट न बघता रस्ता झाडायला लागायचे. भाकर मागायची, खापरात घ्यायची, गावाबाहेर जाऊन खायची. रात्री कीर्तन, आणि पहाटे लोक पाया पडायला येतात तो महाराज गायब.

त्यांच्या कामाची पहिली मोठी खूण मात्र घराजवळच आहे, आणि तिच्या नावाइतके समर्पक नाव कादंबरीकारालाही सुचले नसते. अमरावती जिल्ह्यात, भातकुली तालुक्यात, पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. नदीत बुडी मारली की माणूस ऋणातून सुटतो, अशी श्रद्धा. शास्त्रात ऋण म्हणजे देवाचे, पितरांचे, ऋषींचे. पण कापसाच्या भावाने नागवलेल्या वऱ्हाडी कुणब्याला ‘ऋण’ म्हटल्यावर दुसरे कोणते आठवणार?

पूर्णा ही आमच्याही जिल्ह्याची नदी. अमरावती-अकोल्यातून वाहत ती बुलढाण्यात येते. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांच्या शिवारांतून जाते आणि पुढे तापीला मिळते. येरळीच्या पुलावरून पाहिली तर उन्हाळ्यात दमल्यासारखी दिसते. तिच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा आहे. विहीर खोदा, कूपनलिका घ्या, पाणी खारट लागणार. पिण्याला नाही, ओलिताला नाही. मूत्रपिंडाच्या आजारांनी या पट्ट्यातली गावेच्या गावे ग्रासली आहेत. पूर्णेकाठची माती मात्र लोण्यासारखी काळी, आणि भिजली की भयंकर. पाय रुतला की निघत नाही. ऋणमोचनला स्नानाला उतरणारे म्हातारे, लेकुरवाळ्या बाया त्या चिखलात घसरत, पडत. हजारो लोक दरवर्षी पडत होते आणि दरवर्षी उठून पुण्य घेऊन जात होते. घाट बांधावा असे कुणालाही वाटले नव्हते.

डेबूजीबुवाने आधी एकट्याने माती ओढली, उतार केला. मग यात्रेकरूंना कामाला लावले आणि वर्गणी मागितली. 1908च्या सुमारास तिथे घाट उभा राहिला. नदीत बुडून कर्ज फिटत नाही, हे ते बोलत होतेच. पण फक्त बोलून थांबणारे सुधारक त्या काळीही पुष्कळ होते. बाबांनी बुडी मारणाऱ्याची टर उडवली आणि त्याचा पाय घसरू नये म्हणून पायऱ्याही बांधल्या. दोन्ही एकाच वेळी. पुढच्या सगळ्या कामाचा नमुना तिथे तयार झाला.

आता त्यांच्या बोलण्याकडे वळायला हवे, कारण त्यांच्या इमारतींचे गवंडीकाम करणारी खरी थापी त्यांची जीभ होती.

बाबांची शेवटची काही कीर्तने ध्वनिमुद्रित झाली. 8 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात झालेले कीर्तन आजही ऐकायला मिळते. ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा जरा गोंधळ उडतो. सुरेल गळा नाही, पूर्वरंग-उत्तररंगाची शास्त्रशुद्ध मांडणी नाही. घोगरा, घाईचा, अस्सल वऱ्हाडी आवाज. मधूनच गोपालाचा गजर. आणि प्रश्न, प्रश्न, प्रश्न! प्रश्न टाकायचा, लोकांकडून एका शब्दात उत्तर वदवून घ्यायचे, त्या उत्तरावर लगेच पुढचा प्रश्न. कसलेला वकील साक्षीदाराला जसा पायरी पायरीने खाली उतरवतो, तसे हजारो लोकांना ते एकदम उतरवत नेत. शेवटच्या पायरीवर पोचल्यावर लोकांच्या ध्यानात येई की आपण आपल्याच तोंडाने आपल्या नवसाची, जत्रेतल्या बोकडाची, लग्नासाठी काढलेल्या कर्जाची हजेरी घेतली आहे. मग हशा. त्या हशात थोडी लाज मिसळलेली असे.

सत्यनारायणाचे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. पोथीत साधुवाण्याची बुडालेली नाव प्रसादाच्या महिम्याने वर येते. बाबा म्हणत, असे असेल तर महायुद्धात एवढ्या आगबोटी समुद्रात बुडाल्या आहेत, तिथे पूजा घाला आणि काढा त्या वर! त्यांच्या समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी गेल्याच महिन्यात सत्यनारायण झालेला असणार. तरी ते हसत. हीच गोष्ट एखाद्या पदवीधर सुधारकाने सांगितली असती तर लोक चिडून उठून गेले असते. बाबा त्यांच्यातलेच होते. चिंध्या नेसलेला, आपल्याहूनही गरीब माणूस आपल्याला वेडगळ म्हणतो तेव्हा त्याचा राग येत नाही, कारण त्यात त्याचा काही फायदा दिसत नाही.

वऱ्हाडात असे स्पष्ट बोलण्याची परंपरा होती, हे इथे सांगायला हवे. आमच्या बुलढाण्याच्याच ताराबाई शिंदे यांनी 1882मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषजातीची जी खरडपट्टी काढली तिला अजून तोड नाही. चिखलीचे पंढरीनाथ पाटील सत्यशोधक चळवळीतले, त्यांनी 1927मध्ये जोतीराव फुल्यांचे चरित्र लिहिले. बाबांनी यातले काही वाचलेले असणे शक्य नाही. पण ज्या मुलखात कुणबी, परीट, माळी घरांतून भटजी आणि सावकार या दोघांबद्दल रात्री अंगणात बोलणे चाले, त्याच मुलखातून ते आले होते. ताराबाईंनी ते लिहिले आणि पुस्तक विसरले गेले. बाबांनी ते सांगितले, आणि लोक पाच-पाच कोस चालत ऐकायला आले.

पाया पडायला येणाऱ्याच्या पाठीत काठी बसे. मी कुणाचा गुरू नाही, मला कुणी शिष्य नाही, हे ते पुन्हा पुन्हा बजावत. चमत्काराची गोष्ट कुणी चिकटवू लागला तर तिथल्या तिथे झाडत. 1923मध्ये ते कोकणात कीर्तन करत असताना एकुलता उरलेला मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली. कीर्तन थांबले नाही. ही गोष्ट सगळे चरित्रकार गहिवरून सांगतात. मला ती ऐकताना पुन्हा झोपडीतल्या कुंताबाईच आठवतात.

पैशाच्या बाबतीत त्यांची रीत पाहण्यासारखी होती. देणगी देणाऱ्याची ते स्तुती करत नसत. शेटजी थैली घेऊन आले तर कीर्तनात शेटजींच्याच धंद्याची साल काढली जाई, आणि तरी शेटजी थैली देऊन जात. स्वतः पैशाला हात लावायचा नाही. पैसा घ्यायचा तो कामावर नेमलेल्या माणसांनी, लिहून ठेवायचा, त्याचा हिशेब द्यायचा. मामाने न मागितलेली पावती भाच्याने अशी आयुष्यभर मागितली, आणि दुसऱ्यांना दिलीही.

1917मध्ये पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. वारीला येणाऱ्या महार-मांग वारकऱ्यांना पंढरपुरात रात्र काढायला छप्पर नव्हते. विठोबाच्या दर्शनाला दाराबाहेरून हात जोडायचे आणि पावसात वाळवंटात झोपायचे. आषाढीचा पाऊस काय असतो ते वारी केलेल्याला ठाऊक आहे. बाबा स्वतः देवळात जात नसत, पण देवळापर्यंत चालत आलेल्या माणसाला कोरडी जागा मिळावी, हा त्यांचा हट्ट होता. पुढे पंढरपुरातच मराठा धर्मशाळा झाली, परीट समाजाची झाली.

इथे मी थबकतो. ज्या माणसाने कुणाच्याही हातची भाकर खाल्ली, जातीचा विचारही ज्याला शिवला नाही, त्याच्या धर्मशाळांना जातींची नावे? अलीकडचा वाचक याला विसंगती म्हणेल, आणि ती आहेच. पण 1917चे पंढरपूर डोळ्यांसमोर आणा. सर्वांसाठी म्हणून एकच मोठी धर्मशाळा बांधली असती, तर पहिल्या आषाढीलाच तिचा ताबा वरच्या जातींकडे गेला असता आणि महारांचे बिऱ्हाड पुन्हा वाळवंटात. चोखोबाचे नाव दारावर असल्यामुळे ती जागा कुणी बळकावू शकले नाही. शेतावर नाव कुणाचे, यावरून मामा मेला होता. बाबांना नावाचे महत्त्व कळत होते. एवढे म्हणून मी स्वतःची समजूत घालतो. ती पुरती पटते असे मात्र नाही.

पुढच्या तीस वर्षांत ही बांधकामे महाराष्ट्रभर पसरली. आळंदी, देहू, पुणे, त्र्यंबकेश्वर, नाशिक. नाशिकला 1932मध्ये अनाथ-अपंगांसाठी सदावर्त सुरू झाले. मूर्तिजापूरला 1925च्या सुमारास गोरक्षण, धर्मशाळा आणि शाळा. या प्रत्येक ठिकाणी बाबांच्या आधी त्यांचे कागद पोचत. विश्वस्त नेमायचे, मालमत्ता विश्वस्तांच्या नावे करायची, आणि आपल्या कुठल्याही नातलगाचा या संस्थांवर हक्क नाही हे लिहून ठेवायचे. आपल्याकडे मठ होतो तो गादीसाठी आणि गादी होते ती पुतण्यासाठी, हे त्यांनी गावोगाव पाहिले होते. बाबांनी स्वतःच्या धर्मशाळेत कधी खोली घेतली नाही. बाहेर कुठेतरी, झाडाखाली किंवा कुणाच्या ओसरीवर झोपत.

गो. नी. दांडेकरांसारखी तरुण मुले काही काळ त्यांच्या मागे भटकली. तनपुरे महाराज, कैकाडी महाराज यांच्यासारखी माणसे त्यांच्या सहवासात घडली आणि त्यांनी कामे पुढे नेली. पण ‘संप्रदाय’ काही झाला नाही. माळ नाही, मंत्र नाही, दीक्षा नाही. ज्याला काम करायचे त्याने टोपली उचलावी.

शिक्षणाचा आग्रह हा त्यांच्या कीर्तनाचा उत्तरोत्तर मुख्य विषय होत गेला. घरातली भांडी विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, हे सांगणे त्यांच्या तोंडून ऐकले नाही असा जुना वऱ्हाडी माणूस विरळा. याच धाग्याने ते दोन मोठ्या माणसांशी जोडले गेले. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचे सरकारी अनुदान स्वातंत्र्यानंतर लगेच खेर मंत्रिमंडळाने थांबवले, तेव्हा बाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला. एरवी मंत्र्यासंत्र्यांच्या वाऱ्याला न उभा राहणारा माणूस दुसऱ्याच्या संस्थेसाठी मुख्यमंत्र्यांकडे जातो, याचे खेरांनाही अप्रूप वाटले असेल. अनुदान पुन्हा सुरू झाले. 1954मध्ये भाऊरावांनी कराडला महाविद्यालय काढले आणि त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले.

दुसरे बाबासाहेब आंबेडकर. एक गीतारहस्याच्या आणि मनुस्मृतीच्या पानापानाशी भांडलेला, कोलंबिया-लंडनच्या पदव्या घेतलेला. दुसऱ्याला अक्षर ओळखता येत नव्हते. धर्म सोडायचा की झाडून घ्यायचा, यावरही दोघांचे मार्ग निराळे होते. 1949च्या जुलैत बाबा मुंबईत आजारी असल्याचे कळले तेव्हा बाबासाहेब, त्या वेळचे देशाचे कायदेमंत्री, दिल्लीची गाडी सोडून त्यांना भेटायला गेले. जाताना दोन घोंगड्या नेल्या. कुणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या, ही आठवण पुष्कळांनी सांगितली आहे. त्या घोंगड्यांपेक्षा मला त्या सुमाराला झालेला व्यवहार अधिक बोलका वाटतो. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. तीस वर्षांपूर्वी घामाने बांधलेली पहिली मोठी इमारत! यात्रेकरूंच्या छपराखाली आता विद्यार्थी राहावेत, हे ज्या माणसाला कुणी न शिकवता उमगले, त्याला निरक्षर म्हणताना जीभ चाचरते.

8 फेब्रुवारी 1952 रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. सगळ्या विखुरलेल्या कामांना एक कायदेशीर छत मिळाले. बाबा तेव्हा शहात्तरीत होते, मधुमेहाने आणि पायपिटीने शरीर खिळखिळे झालेले. तरी 1954मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ आणखी एक धर्मशाळा उभी राहिली. ती रुग्णांसाठी नव्हती. रुग्णांबरोबर आलेल्यांसाठी होती.

हे कुणाच्या ध्यानात आले असते? रुग्णालय रुग्णाला खाट देते. त्याला घेऊन आलेली बायको, म्हातारा बाप, कडेवरचे मूल कुठे जातात, हे ना सरकार विचारत होते ना डॉक्टर. ती माणसे पदपथावर झोपत. ऋणमोचनच्या चिखलात घसरणारी म्हातारी ज्याला दिसली, त्यालाच पदपथावरची ही माणसे दिसली. आयुष्यभर त्यांची नजर मूर्तीवर नव्हती, मूर्तीकडे निघालेल्या माणसाच्या पायांवर होती. जे. जे.च्या दारातही ती तिथेच गेली.

6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत बाबासाहेब गेले. बाबांची प्रकृती आधीच ढासळलेली होती. चौदा दिवसांनी, 20 डिसेंबरच्या रात्री, अमरावतीला नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच त्यांचा श्वास थांबला. धर्मशाळा बांधणारा माणूस रस्त्यावर गेला. अमरावतीत जिथे अंत्यसंस्कार झाले तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. तिथे आता समाधिमंदिर आहे, आणि लोक तिथे पाया पडतात. काठी मारायला कुणी नाही.

मिशनने पुढे 1984मध्ये मुंबईत दादरला मोठी धर्मशाळा बांधली. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या सोबत्यांना तिचा आधार असतो. मलकापूर, नांदुरा, शेगाव इथून रात्रीच्या गाडीने निघालेली माणसे पहाटे दादरला उतरतात. हातात कापडी पिशवी, पिशवीत भाकरी, ठेचा, आणि रुग्णालयाच्या कागदांची फुगलेली फाईल. कागद दाखवावे लागतात, मग जागा मिळते. खिडकीपलीकडचा माणूस वहीत नाव लिहितो, गाव, तालुका, जिल्हा बुलढाणा. मग वही फिरवून पुढे सरकवतो. पोराबरोबर आलेली म्हातारी शाईच्या डब्यात अंगठा बुडवते, आणि पोर तिचा हात धरून तो नेमक्या ओळीवर टेकवते.